लेकीच्या तलवारबाजीचा व्हिडिओ अमेरिकेतल्या कॉलेजच्या कोचला पाठवायचाय, कसा करावा?

मोसंबीवाला_अंबड यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. मी जालना जिल्ह्यातला, अंबड तालुक्यातला. मोसंबीची बाग आहे. खेळातलं मला फारसं कळत नाही, पण माझी लेक तलवारबाजी खेळते, सेबर प्रकार. अकरावी सायन्सला आहे. संभाजीनगरला मावशीकडं राहून शिकते नि सकाळ-संध्याकाळ सराव करते. राज्याला पदक आहे, शालेय राष्ट्रीय स्पर्धाही खेळून आलीय.

तिच्या मनात अमेरिकेच्या कॉलेजातून खेळायचं आहे. २०२७ ला बारावी झाली की त्याच वर्षी तिकडं जायचं म्हणते. तिकडचे कोच म्हणे आधी व्हिडिओ मागतात. म्हणून आमच्या ओळखीच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून व्हिडिओ करून घेतला. पोरानं मन लावून केलाय, त्याबद्दल तक्रार नाही. सात मिनिटांचा आहे. सुरुवातीला तिचं नाव आगीच्या अक्षरांत येतं, मग ढोल-ताशा, मग तिचे जिंकलेले टच (म्हणजे वार लागून मिळालेले पॉइंट) एकामागून एक स्लो मोशनमध्ये, शेवटी पदक गळ्यात घालून उभी. घरात सगळ्यांना आवडला. आजीनं तर दहा जणींना दाखवला. लेकीनं एकदाच बघितला नि म्हणाली, "पप्पा, ह्यात माझे पायच नाहीत."

मी परत लावून बघितला तर खरंच, सगळं कमरेच्या वरचं. पण त्यानं काय बिघडतं ते मला उमगलं नाही. तिला विचारलं तर ती चिडती. म्हणून इथं विचारायलोय.

व्हिडिओ किती मोठा असावा? गाणं लावावं का? हरलेले टच दाखवायचे असतात का? आणि एक संस्था मागं लागलीय. व्हिडिओ, मेल, अर्ज सगळं आम्ही बघतो म्हणायलेत, आत्ता थोडे पैसे द्या आणि स्कॉलरशिप मिळाली की तिच्यातले काही टक्के द्या. हे बरोबर आहे का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

नांदेडकर_ओहायो:

काका, मी कोलंबसला एमएस करतोय. खेळाडू नाही, पण इथल्या ओहायो स्टेटची तलवारबाजीची टीम चांगली आहे, म्हणून सामने बघायला जातो आणि त्यामुळे नियम थोडेफार माहीत झालेत.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न. टक्केवारीवाल्यांना हात जोडा आणि सोडून द्या. इथल्या कॉलेज खेळांची जी मुख्य संस्था आहे, एनसीएए, तिच्या नियमात ठरावीक फी घेऊन माहिती पोचवणारी सेवा चालते. पण स्कॉलरशिपच्या रकमेवर किंवा प्रवेश मिळण्यावर पैसे ठरवणारा माणूस एजंट धरला जातो. मग प्रश्न नुसता पैशांचा राहत नाही, ताईची खेळायची पात्रताच अडकू शकते. मेल तिनं स्वतः लिहावा. कोचला खेळाडूकडूनच आलेलं पत्र हवं असतं.

दुसरं म्हणजे, डिव्हिजन एकच्या, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजांच्या कोचना बहुतेक खेळांत दहावीच्या वर्षानंतरच्या १५ जूनपर्यंत मुलांशी भरतीबद्दल बोलताच येत नाही. त्याआधी मुलांनी मेल केला तरी माहितीचा फॉर्म सोडून काही परत येत नाही, आणि इकडं वाटतं की नकार आला. तुमची लेक अकरावीत आहे म्हणजे ती तारीख उलटून गेलीय. तिला उत्तर येऊ शकतं.

तिसरं, पैशांचं. तलवारबाजीची टीम असलेली कॉलेजं एनसीएएमध्ये पन्नासच्या आतच आहेत. त्यातली हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल, कोलंबिया ही आयव्ही लीग ह्या जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटातली, आणि आयव्ही लीग खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाही. डिव्हिजन तीनमध्येही खेळाची स्कॉलरशिप नसते, म्हणजे एमआयटी, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी वगैरे. पण हे वाचून लगेच ती नावं खोडू नका. हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल आणि एमआयटी ही चार अशी आहेत की परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना घरची ऐपत बघत नाहीत, आणि प्रवेश दिला की घरच्या उत्पन्नाप्रमाणे लागेल तेवढी मदत करतात. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलीला ही मदत एखाद्या अर्ध्यामुर्ध्या स्कॉलरशिपपेक्षा मोठी पडू शकते. मात्र तिथं अभ्यास फार वरचा लागतो. नोटर डेम, ओहायो स्टेट, पेन स्टेट इथं खेळाची स्कॉलरशिप असते, पण ती टीममध्ये वाटली जाते. पूर्ण मिळणं अवघड.

नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका सांभाळून ठेवा, एनसीएएच्या पात्रता केंद्राला त्या लागतात. एसएटी ह्या प्रवेश परीक्षेची अट एनसीएएनं जानेवारी २०२३ मध्ये काढली, पण काही विद्यापीठं स्वतःच मागतात, एमआयटी मागतेच. कॉलेजागणिक बघावं लागेल.

व्हिडिओ यूट्यूबवर 'अनलिस्टेड' करून टाका. 'प्रायव्हेट' केला तर कोचला उघडणार नाही. व्हिडिओत काय असावं ते मला सांगता येणार नाही, त्यातलं कुणी जाणकार बोलेल.

सेबरताई_संभाजीनगर:

दादा, तुमची लेक बरोबर बोलली. तिचं म्हणणं मी जरा उलगडून सांगते, कारण सगळा व्हिडिओ त्याच एका वाक्यावर ठरणार आहे.

मी विद्यापीठाकडून सेबर खेळले, आता लहान मुलामुलींना शिकवते. स्पर्धा झाली की आम्ही लढतींचं शूटिंग लावून बसतो. शिकवण्यातला अर्धा भाग तिथंच होतो. आमच्या बरोबरची एक मुलगी पुढं अमेरिकेच्या कॉलेजात खेळली. तिनंही आधी असाच निवडक टचांचा व्हिडिओ पाठवला होता. कोचचं उत्तर दोन ओळींचं आलं: छान आहे, आता पूलमधल्या (म्हणजे सुरुवातीच्या गटफेरीतल्या) लढती अख्ख्या पाठव.

सेबरमध्ये दोघी मध्यरेषेपासून दोन-दोन मीटरवर उभ्या असतात, म्हणजे मधे चार मीटर. पंच म्हणतो, "ऑन गार्ड, रेडी, फेन्स". तिथून टच लागेपर्यंत कधीकधी एक श्वासही पुरा होत नाही. एवढ्यात जे ठरतं ते पायांनी ठरतं. पहिलं पाऊल किती मोठं टाकलं, दुसऱ्यावर थांबली की सुटली, समोरचीला पुढं ओढून घेतलं की तिच्या ओढीत स्वतः गेली. हात सगळ्यात शेवटी येतो. कमरेच्या वरचं दाखवलं म्हणजे कोचला फक्त निकाल कळला, आणि तो तर टच लागला की पेटणाऱ्या दिव्यानंही कळतो. त्याला बघायचं असतं की ही पोरगी अंतर कसं राखते, आणि फसली तर सावरते कशी. पाय नसलेल्या व्हिडिओत ह्यातलं काहीच सापडत नाही.

म्हणून पहिला नियम असा धरा. प्रत्येक टच "रेडी, फेन्स"पासून सुरू झाला पाहिजे आणि पंचानं निर्णय देऊन हात दाखवल्यावरच संपला पाहिजे. त्यानंतर त्या परत आपापल्या रेषेवर चालत जातात, मास्क नीट करतात, ते खुशाल कापा. पण आधीचं नि नंतरचं कापू नका.

पंचाचं का म्हणते, तेही ऐका. सेबरला आणि फॉइल ह्या दुसऱ्या प्रकाराला प्राधान्याचा नियम आहे. दोघींचे दिवे एकदम लागले तर हल्ला कुणाचा होता ते पंच ठरवतो आणि पॉइंट तिला मिळतो. ईपी ह्या तिसऱ्या प्रकारात तसं नाही, तिथं दोघींना मिळतो. सेबरमध्ये दोन्ही दिवे लागणं तर दर दोन मिनिटाला असतं. तुमच्या व्हिडिओत ढोल-ताशानं पंचाचा आवाज खाल्ला आणि जवळून घेतल्यामुळं पंच चौकटीबाहेर गेला. मग लाल-हिरवा दोन्ही दिसले तर कोचनं काय समजायचं? गाणं नकोच. हॉलमधला आवाज, तलवारींची खणखण, पंचाचा शब्द, कोचचं ओरडणं, आहे ते राहू द्या.

आता पूल. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि आपल्याकडं नेमकं हेच कुणी करत नाही. आपली मुलं बाद फेरीच्या पंधरा टचांच्या लढती पाठवतात, कारण पदक तिथं मिळतं. पण अमेरिकेतल्या कॉलेजांच्या सामन्यांत लढती पाच टचांच्या असतात. दोन कॉलेजं भिडली की प्रत्येक हत्यारात तीन-तीन खेळाडू, प्रत्येकीनं समोरच्या तिघींशी खेळायचं. म्हणजे एका हत्याराच्या नऊ लढती, तीन हत्यारांच्या मिळून सत्तावीस. चौदा जिंकले की सामना जिंकला. त्यांची राष्ट्रीय स्पर्धाही तशीच. प्रत्येक हत्यारात २४ मुली, आणि प्रत्येकीनं उरलेल्या २३ जणींशी पाच-पाच टचांची लढत खेळायची. शेवटच्या चौघींनाच पंधराची मिळते. त्यात मुलामुलींचे गुण एकत्र धरून एकच विजेता कॉलेज ठरतं. म्हणजे त्या कोचला अशी मुलगी हवी जी खुर्चीवरून उठून थेट लढतीत शिरेल आणि पहिल्याच टचापासून जागी असेल. पाचच्या लढतीत दोन टच गाफीलपणात गेले की परत यायला जागा नसते. ही तयारी पूलच्या लढतीत दिसते. फायनलला अख्खा हॉल मोबाईल काढून उभा असतो आणि सकाळी आठ वाजता पूल चालू असतात तेव्हा घरचे लोक चहाच्या टपरीवर असतात. यापुढं तुम्ही किंवा मावशी, कुणीतरी सकाळपासून पिस्टच्या, म्हणजे लढतीच्या पट्टीच्या, कडेला उभं राहा.

सेबरची पाच टचांची लढत मधला रिकामा वेळ काढला तर साधारण मिनिटभरात बसते. तीन अख्ख्या लढती घ्या. तीन-चार मिनिटांत काम झालं. एवढं पुरे. शिवाय पंधरा टचांची एक लढत अजिबात न कापता वेगळ्या लिंकवर ठेवा. ज्याला पुढं बघायचंय तो बघेल.

त्या तीनमधली पहिली निवडताना पदकाकडं बघू नका. स्पर्धा छोटी असली तरी चालेल. जिच्यात तिचा खेळ सगळ्यात मोकळा आहे ती पुढं ठेवा, कारण कोच पहिली लढत नक्की बघतो, बाकीच्या बघेलच असं नाही.

आणि अजून एक. लढत अख्खी ठेवायचं माझं कारण ह्याच्यात आहे. समजा पहिल्यांदा दोघी एकदम सुटल्या, दोन्ही दिवे, पंच म्हणाला 'सायमल्टेनियस', पॉइंट कुणालाच नाही. परत तेच झालं. तिसऱ्यांदा तुमची लेक तशीच सुटल्यासारखं करते, दुसऱ्या पावलावर थांबते, अर्धं पाऊल मागं घेते, समोरचीची तलवार हवेत जाते आणि ही पुढं जाऊन मारते. शूटिंगवाला ह्यातला तिसराच ठेवणार. पण तो तिसरा नुसता बघितला तर वाटतं समोरची चुकली. पहिल्या दोन्हींसकट बघितला तर कळतं की हिनं समोरचीला आधी सवय लावली नि मग तिच्या सवयीचा वार तिच्यावरच उलटवला. हे डोकं शिकवून येत नाही, आणि कोच तेच शोधत असतो. मारायला कोणीही शिकवू शकतं.

हरलेले टच ठेवा की. अख्खी लढत दिली म्हणजे ते आलेच. पॉइंट गेल्यावर ती पंचाकडं बघून हात पसरते की गपचूप रेषेवर जाऊन उभी राहते, तेही बघितलं जातं. कोच तिला चार वर्षं आपल्या टीममध्ये ठेवणार आहे, दादा.

शेवटी एक सोपी पण विसरायची गोष्ट. तलवारबाजीत दोघी पांढऱ्यात आणि तोंडावर जाळी. कोचला तुमची लेक कोणती ते कळणार कसं? प्रत्येक लढतीच्या सुरुवातीला दोन-तीन सेकंद चित्र थांबवून तिच्या डोक्यावर बाण द्या आणि खाली इंग्रजीत लिहा: डावीकडची, दिवा लाल. किंवा उजवीकडची, दिवा हिरवा. पंचाच्या बाजूनं बघितलं तर डावीकडचीचा दिवा लाल असतो. कॅमेरा पलीकडच्या बाजूला असेल तर हे उलटं होतं, ते तपासून लिहा. त्याच पाटीवर स्पर्धा, वर्ष, फेरी आणि गुण.

एक खरं सांगते आणि ते तिलाही सांगा. व्हिडिओच्या आधी निकाल बघितले जातात. राष्ट्रीय स्पर्धेत कितवी आली, कॅडेट किंवा ज्युनिअर वयोगटाच्या भारतीय संघात आली का, हे पहिलं. व्हिडिओनं निकाल बदलत नाही. पण आपल्या मुलांचे निकाल तिकडच्या कोचला तोलता येत नाहीत, कारण आपली राज्य स्पर्धा किती कठीण ते त्याला कुठून माहीत असणार? तिथं हा व्हिडिओ कामाला येतो. भवानी देवी टोकियोला गेली तोवर भारतातून तलवारबाजीत कुणी ऑलिंपिकला खेळलंच नव्हतं, आणि तीही सेबरचीच. तेव्हापासून निदान इकडं बघायला लागलेत लोक.

बीडचा_कॅमेरावाला:

ताईंनी सगळं सांगितलं, मी फक्त कॅमेऱ्याचं बोलतो. मीसुद्धा लग्नाचंच काम करतो. लग्नात आम्ही चेहरा शोधतो, त्यामुळं हात आपोआप झूमकडं जातो. ज्या भावानं व्हिडिओ केला त्यानं त्याच्या सवयीनं चांगलंच केलं असणार. त्याच्याकडं मूळ फुटेज असेल, पण जवळून घेतलं असेल तर त्यातून पाय परत येत नाहीत. पुढच्या स्पर्धेला नव्यानं घ्या.

पिस्ट १४ मीटर लांब. साध्या मोबाईलच्या मुख्य लेन्समध्ये ती पूर्ण बसवायची तर दहा-अकरा मीटर मागं जावं लागतं. हॉलमध्ये तेवढी जागा मिळत नाही, मागं लगेच दुसरी पिस्ट असते. मग दोन उपाय. एक, ०.५ ची रुंद लेन्स. पण उजेड कमी असेल तर चित्र दाणेदार येतं. दुसरा, ट्रायपॉडवर कॅमेरा, मध्यरेषेच्या समोर, छातीएवढ्या उंचीवर, आणि दोघींच्या मागोमाग हळू फिरवायचा. दोघी डोक्यापासून बुटापर्यंत चौकटीत असल्या पाहिजेत, आणि पंच दिसला तर उत्तम. झूमला हात लावू नका. गॅलरी असेल तर पहिल्या पायरीवरून छान येतं, फार वर गेलात तर पावलांचं अंतर कळत नाही.

आता एक गोष्ट जी नव्वद टक्के लोक चुकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर ट्यूब किंवा स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला दिसत नाही, पण मोबाईल ६० फ्रेमवर ठेवला की चित्रात काळे पट्टे फिरतात. त्यासाठी ५० फ्रेम आणि शटर १/१०० ठेवा. आयफोनमध्ये सेटिंगात 'पाल' फॉरमॅट चालू केला तरी ५० चा पर्याय येईलच असं नाही, बऱ्याचदा २५ च मिळतो. अँड्रॉइडला 'प्रो व्हिडिओ' मोड असेल तर शटर हातानं ठेवता येतं. २५ किंवा ३० फ्रेमवर सेबर घेऊ नका, तलवार नुसती रेघ दिसते आणि कुठं लागली ते समजत नाही.

पोशाख पांढराशुभ्र, म्हणून कॅमेरा गोंधळतो. एखादीच्या जॅकेटवर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक होईल, मग थोडा उजेड खाली ओढा. खिडकी मागं येईल अशी जागा घेऊ नका. सकाळच्या पूलला पूर्वेची खिडकी हमखास आडवी येते.

आणि फुटेज व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, दाबून टाकतं. ड्राइव्हवर टाका नाहीतर पेनड्राइव्हनं न्या. गाण्याचं ताईंनी सांगितलंच. हक्काचं गाणं लावलं तर यूट्यूब कधी आवाज बंद करतं, कधी व्हिडिओच अडवतं.

गंगाखेडकर:

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा गुण आहेत. तिकडं कुठं व्हिडिओ करत बसता? इथं प्रमाणपत्र दाखवलं की झालं.

सेबरताई_संभाजीनगर:

दादा, आरक्षणाचं तुम्ही बरोबर सांगितलं आणि ती वाट तिच्यासाठी उघडीच राहणार आहे. प्रमाणपत्रांची पडताळणी वेळच्या वेळी करून ठेवावी, हे मी माझ्या सगळ्या मुलांना सांगते. पण तुमच्या म्हणण्यातच ह्या व्हिडिओची गरज आहे. आपल्याकडं सगळं प्रमाणपत्रावर चालतं, म्हणून मुलगी खेळली कशी ह्याची नोंद कुणी ठेवतच नाही. विद्यापीठात, साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) केंद्रात, गारखेड्याच्या क्रीडा संकुलात मी इतक्या चांगल्या मुली खेळताना बघितल्यात, की त्यांच्या खेळाचं एक मिनिटसुद्धा आज कुठं सापडणार नाही. कॉलेज मिळो न मिळो, हे शूटिंग त्या मुलीला स्वतःला उपयोगी पडतं. आणि सतरा वर्षांची मुलगी काहीतरी मोठं मनात धरून बसली असेल तर बारावीआधीच तिला नोकरीचा फॉर्म दाखवू नये, असं मला मनापासून वाटतं.

मोसंबीवाला_अंबड:

सगळ्यांचे आभार. वाचून लेकीला फोन केला. ती म्हणाली, हेच तर सांगायले होते. त्या संस्थेला नाही म्हणून कळवलं.

शूटिंगवाल्या पोराला गाठलं. त्याच्याकडं मूळ कार्डावरचं बरंच आहे, आणि नशिबानं एका स्पर्धेचं त्यानं सुरुवातीला लांबूनही घेतलंय, त्यात पाय दिसायलेत. पूलच्या काही लढती आहेत. पण तिच्या मते तिचा सगळ्यात चांगला खेळ ज्या लढतीत झाला ती लढत ती ४–५ नं हरलीय. समोरची भारतीय शिबिरातली मुलगी होती. ती म्हणती हीच पहिली ठेवायची. मला जड जायलंय. हरलेली लढत कोण पुढं ठेवतं?

आणि सुरुवातीला तिनं इंग्रजीत स्वतःबद्दल बोलावं का? मावशीनं एक पान लिहून दिलंय.

सेबरताई_संभाजीनगर:

दादा, ती लढत ठेवाच. पण दुसऱ्या नंबरला. पहिली जिंकलेली असू द्या म्हणजे बघणारा सावकाश बसतो, मग ही. पाटीवर समोरची कोणत्या पातळीची आहे ते लिहा, खरं असेल तेवढंच. शिबिरातल्या मुलीशी ४–५ म्हणजे एका टचाचा फरक, आणि ते कोचला तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल. शेवटचा टच कापायचा मोह होईल, कापू नका. ४–४ ला तिनं काय निवडलं, तेच बघायचं असतं.

बोलायचं नको. मावशीचं पान मेलमध्ये घाला, तेही अर्धं करून, आणि तिच्या शब्दांत. व्हिडिओत पाच सेकंदांची एक पाटी पुरते: नाव, सेबर, उजव्या हाताची की डाव्या, उंची, बारावीचं वर्ष, दहावीचे टक्के आणि प्रशिक्षकांचा ईमेल. जन्मतारीख, घरचा पत्ता, फोन नंबर व्हिडिओवर टाकू नका. अनलिस्टेड असला तरी लिंक हातोहात फिरते आणि मुलगी अजून अठराचीही नाही.

डाव्या हाताची असेल तर ते मेलच्या पहिल्याच ओळीत येऊ द्या. डावखुऱ्यांना आमच्या खेळात भाव असतो.

मेल प्रत्येक कोचला वेगळा. सगळ्यांना एकच मजकूर चिकटवला तर त्यांना कळतं. नोटर डेमला लिहिताना ती तिथंच शिकलेल्या मारिएल झागुनिसबद्दल दोन ओळी लिहू शकते, २००४ आणि २००८ ला सेबरचं ऑलिंपिक सुवर्ण तिचंच, आणि तुमच्या लेकीनं तिच्या लढती बघितल्या असणारच. जिथलं काही माहीत नाही तिथं ओढूनताणून लिहू नये. कॉलेजच्या संकेतस्थळावर खेळाडूंसाठी माहितीचा फॉर्म असतो, तो आधी भरायचा, मग मेल. आणि प्रत्येक स्पर्धेनंतर दोन ओळी निकालाच्या आणि एका नव्या लढतीची लिंक. उत्तर आलं नाही तरी पाठवत राहायचं.

मोसंबीवाला_अंबड:

डावखुरीच आहे ताई! हे आम्ही कुठंच लिहिलं नव्हतं.

बीडचा_कॅमेरावाला:

मग ताई, एक विचारतो. डावखुरी आणि उजवी समोरासमोर असल्या तर कॅमेरा कोणत्या बाजूला ठेवावा? डावखुरी नेहमी पंचाच्या डाव्या हाताला उभी राहते ना?

सेबरताई_संभाजीनगर:

हो, उजव्या हाताच्या मुलीशी खेळताना ती पंचाच्या डावीकडं. दोघी डावखुऱ्या असल्या तर जिचं नाव आधी पुकारलं ती उजवीकडं. त्या उभ्या राहण्यानं दोघींच्या छाती पंचाकडं वळतात. म्हणून अशा लढतीला शक्य असेल तर पंचाच्या मागून, थोडं तिरकं उभं राहून घ्या. हातही दिसतात, तलवारही, आणि बहुतेक हॉलमध्ये दिव्यांची पेटी समोरच असते. पंचाचे हात पाठीमागून अर्धेच दिसतील, पण आवाज येतो. एक लढत तिकडून, एक इकडून घेऊन बघा, तुमच्या हॉलला कोणतं बरं पडतं ते लगेच कळेल.

दादा, तीन लढती निवडून झाल्या की मला मेसेजमध्ये लिंक द्या, इथं उघड्यावर नको. पाट्या टाकायच्या आधी एकदा बघते. आणि लेकीला बरोबर बसवा, निवड तिची असू द्या.